छायाचित्राची मूळ प्रत

वऱ्हाडांत मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ७६ किलोमीटरांची अरुंद लोहमार्गाची शाखा १९१३ सालीं सुरू झाली. या सुपीक भागांतील कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत आणावा, तेथून तो मुंबईस व पुढें विलायतेस जावा, हा तिचा मूळ हेतु होता. योगायोग असा कीं, ज्या मँचेस्टरच्या नांवाशीं हा सारा कापसाचा व्यापार जोडला गेला होता, त्याच शहरांत १९२१ सालीं बांधलेलें एंजिन पुढें या मार्गावर गाडी ओढूं लागलें. लोकांनीं गाडीला ‘शकुंतला’ हें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें. १९९४ च्या एप्रिलांत तें वाफेचें एंजिन निवृत्त होऊन त्याच्या जागीं डीझेल एंजिन आलें. पुढें कांहीं वर्षांनीं अचलपूरची ती गाडीही बंद पडली. आतां त्या धुराड्यांतून निघणारा धूर, पऱ्हाटीच्या शेतांमधून संथपणें चाललेले ते डबे, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें जावें कोठें? १९९४ पूर्वीं सामान्य छायाचित्रकाराच्या हातीं फिल्मचाच कॅमेरा असे. अर्थात् वाफेवर चालणाऱ्या शकुंतलेचें जें जें छायाचित्र आज उरलें आहे, तें कोणत्या ना कोणत्या फिल्मच्या पट्टीवरूनच आलेलें आहे.

ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे एरवीं विक्षिप्त वाटणारा एक आग्रह थोडा समजूं लागतो. आज खिशांतल्या दूरध्वनीवर एक पैसाही न वेंचतां शंभर चित्रें काढतां येतात. असें असतां कांहीं छायाचित्रकार अद्यापि छत्तीस चित्रांच्या एका फिल्मसाठीं कांहीं शें रुपये मोजतात, ती धुऊन घेण्यासाठीं दूरच्या शहरीं पाठवितात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. त्यांना हौशी किंवा जुन्याचे भक्त म्हणून हसणें सोपें आहे. परंतु त्यांच्या आग्रहाचें मूळ हौसेहून खोल आहे, आणि तें शोधावयाचें तर थेट छायाचित्रणाच्या जन्मापर्यंत मागें जावें लागतें.

१८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर याची कृति जगापुढें आली. रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तिनें विलक्षण सुरेख चित्र उमटे. पण तें एकच. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडांतील टॅलबट यानें कागदावर निराळी रीत बसविली. तींत प्रथम उलटें चित्र मिळे, म्हणजे उजेडाच्या जागीं काळें व काळ्याच्या जागीं उजेड. आणि त्यावरून हवीं तितकीं सुलटीं चित्रें छापतां येत. हीच निगेटिव्ह. १८५१ सालीं आर्चर यानें कागदाच्या जागीं कांच आणली, आणि पुढें सेल्युलॉइडची फिल्म आली. सामग्री बदलली तरी तत्त्व तेंच राहिलें : मूळ प्रत एक, ती उजेडानें स्वतः घडविलेली, आणि तिच्या पोटीं असंख्य प्रती.

मुंबईस छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीं निघाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं या कलेंत चांगलें नांव मिळविलें. परंतु मूळ प्रतीचें मोल ज्यानें सर्वांत कठोरपणें शिकविलें तो प्रसंग वऱ्हाडाच्या वेशीवरचा, अजिंठ्याचा आहे. मद्रासी सैन्यांतील रॉबर्ट गिल याची १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली. जवळजवळ वीस वर्षें त्यानें त्या लेण्यांत रंग व कुंचला घेऊन काढलीं. ते मोठमोठे पट लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडले गेले आणि १८६६ च्या डिसेंबरांत तेथें लागलेल्या आगींत बहुतेक सारे जळाले. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हां नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ सालीं लंडनमधीलच दुसऱ्या आगींत गेल्या. एकाच लेण्याच्या दोन नकला, आणि दोहोंचाही अंत एकच!

गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकांच्या चांगली परिचयाची आहे. गिलच्या कॅमेऱ्याची तितकी नाहीं. त्यानें कुंचल्याबरोबर कॅमेराही हातीं घेतला होता, आणि फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याचीं छायाचित्रें १८६४ सालीं दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झालीं. पटांचा नाश झाला तेव्हां हीं चित्रें अनेकांच्या कपाटांत होतीं. रंगाच्या बाबतींत तीं पटांपुढें अगदींच दुबळीं. तरीपण एका आगीनें तीं साऱ्या जगांतून नाहींशीं होण्यासारखीं नव्हतीं, कारण तीं एका मुळाच्या अनेक प्रती होत्या.

त्या काळीं ओल्या कांचेवर काम चाले. कांचेला रसायन लावावयाचें, ती ओली असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं तंबूंतल्या अंधारांत धुवावयाची. वैशाखांतल्या वऱ्हाडी उन्हाचा ज्याला अनुभव आहे त्याला ही कसरत काय असेल याची कल्पना येईल. कोरडी कांच आल्यावर हा जांच संपला. १९०५ सालीं दिवंगत झालेले निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक कांचा १९८९ पासून दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आहेत. शंभर वर्षांहून जुनी अशी कांच खिडकीसमोर धरली, कीं चित्र दिसतें. तिला यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं, कोणाची परवानगी लागत नाहीं. फिल्म वापरणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच आहे, आणि तो बिनतोड वाटतो. डिजिटल चित्र हें आंकड्यांचें टिपण आहे. तें वाचणारें यंत्र, तें समजणारी भाषा आणि ज्यावर तें सांठविलें ती तबकडी, यांपैकीं एक जरी गेलें तरी चित्र गेलें. वीस वर्षांपूर्वीं सीडीवर भरून ठेवलेले लग्नाचे फोटो आज किती घरांत उघडतात, हें ज्यानें त्यानें आपल्या कपाटांत पाहावें.

दुसरें कारण उजेडाचें आहे, आणि तें अचलपूरच्या भर दुपारीं चांगलें कळतें. शहराबाहेरचा हौज कटोरा घ्या. पाण्यासाठीं बांधलेल्या हौदाच्या मध्यभागीं तो जुना आठकोनी मनोरा उभा आहे. वर प्रखर आकाश, कमानींच्या आंत दाट सावली. डिजिटल कॅमेऱ्याचा प्रत्येक बिंदु हा लहानशा भांड्यासारखा असतो. भरलें कीं वरचा उजेड सांडून जातो आणि त्या जागीं कोरें पांढरें उरतें. फिल्मवरील रुप्याच्या क्षारांचे कण लहानमोठे असतात. मोठे आधीं बदलतात, बारीक मागाहून. त्यामुळें प्रखर उजेड एकाएकीं तुटत नाहीं, हळूहळू मंदावतो, आणि पांढऱ्या आकाशांतही ढगाची कड शिल्लक राहते. हा गुण निगेटिव्ह फिल्मचा आहे. पारदर्शिकेच्या फिल्मला तो लागू नाहीं. अंधाराच्या बाजूस मात्र नवें यंत्रच सरस ठरतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

छत्तीसच चित्रें असल्यामुळें डोळा अगोदर काम करतो व बोट मागाहून, असेंही छायाचित्रकार सांगतात. तें खरें आहे. पण संयमासाठीं फिल्मच पाहिजे असें नाहीं.

गमतीची गोष्ट ही कीं, पहिला डिजिटल कॅमेरा फिल्म विकणाऱ्या कोडॅकच्याच घरीं जन्मला. १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें तो बनविला. अवघ्या दहा हजार बिंदूंचें एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. २०१२ च्या जानेवारींत त्याच कोडॅकनें दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे १९६० सालीं उटकमंड येथें स्थापन झालेला सरकारी फिल्मचा कारखाना ‘इंदु’ या नांवानें फिल्म विके. तोही या लाटेंत बंद पडला. आतां विषय संपला असें सर्वांना वाटलें. पण संपला नाहीं. कोडॅकनें २०१२ सालीं बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ सालीं पुन्हां बाजारांत आणली. त्याच वर्षीं चित्रपटदिग्दर्शक क्रिस्तोफर नोलन मुंबईस आला तो फिल्मच्याच कैवारासाठीं, आणि त्याचा ‘ओपनहायमर’ २०२३ सालीं फिल्मवर चित्रित होऊन आला. डिजिटल चित्रपटांचीही जतनाची प्रत फिल्मवर काढून ठेवण्याची रीत अमेरिकेंतील मोठ्या चित्रसंस्थांनीं पाळली आहे. धंद्याच्या माणसांनीं पैसा खर्चून असें करावें, यांत भाबडेपणा नाहीं.

तथापि फिल्म अमर आहे असें मानणें ही मोठी चूक होईल. २००३ च्या जानेवारींत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांना आग लागून जुना ठेवा नष्ट झाला. नायट्रेट पेटतें, त्यानंतरचें ॲसिटेट उष्णतेनें व दमटपणानें कुजून शिरक्याचा आंबूस वास सोडूं लागतें, पावसाळ्यांत बुरशी धरते ती निराळीच. आपल्या मूकपटांपैकीं फारच थोडे उरले, त्याला आगीइतकीच माणसांची बेफिकिरीही कारण झाली. जुन्या फिल्मा त्यांतल्या रुप्यासाठीं भंगारांत विकल्या गेल्या. काळ्यापांढऱ्या फिल्मचें चित्र म्हणजेच तें रुपें. रुपें काढलें कीं मागें कोरी पट्टी उरते. गांवोगांवचे फोटो स्टुडिओ एकामागून एक मिटत गेले, तेव्हां कित्येक निगेटिव्हांची वाट अशीच लागली. लग्नें, मुंजी, शाळेचे वर्ग, बाजारपेठा, सारें त्यांतच होतें. मूळ प्रत टिकाऊ आहे. मात्र ती कोणीतरी कोरड्या, थंड जागीं ठेवावी लागते. डिजिटल चित्राप्रमाणें तिची नक्कल नकळत चार ठिकाणीं होऊन बसत नाहीं, हा तिचा दोषही पदरांत घेतलाच पाहिजे.

१९९४ पूर्वीं मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर एंजिनाचीं चित्रें घेणारे अनेक होते. गाडीचे शौकीन होते, वार्ताहर होते, घरचा कॅमेरा घेऊन आलेले प्रवासी होते. त्यांच्या पट्ट्या आज कोणाच्या ट्रंकेंत, कोणाच्या बिस्किटांच्या डब्यांत पडल्या असतील. त्यांतली एखादी काढून खिडकीशीं धरली तर वऱ्हाडचें तें रखरखीत आकाश काळेंभोर दिसतें, एंजिन पांढरें होऊन उभें राहतें, आणि ज्या धुरानें डबे काजळत तो धूर कोळशाच्या उलट, अगदीं फिकट, त्याच्या मागें लांबत गेलेला असतो.