तेल लावूनही बंदूक का गंजते?



डुकरं आणि वानरं यांच्यापासून पीक राखण्यासाठी कोकणात आणि घाटमाथ्यावर बऱ्याच घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. (परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. रानडुकरावर गोळी चालवायची तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.) ही बंदूक पुष्कळदा आजोबांच्या वेळची असते. ती अजून वीस वर्षं चालणार की दोन पावसाळ्यांत खराब होणार, हे बार उडवल्यावर त्याच दिवशी ठरतं. आतून गंजाने खाल्लेली नळी एखाद्या बाराला फुटू शकते, आणि तिच्याजवळ आपलाच हात असतो.

आपण काय करतो? रॉकेलाचा बोळा फिरवतो, वर तेलाचा हात देतो आणि बंदूक खुंटीला लावतो. आठ दिवसांनी पाहावं तर नळीत लाल गंज! तेल लावूनही गंज कसा, हा प्रश्न मोठमोठ्या सैन्यांनाही पडला होता.

काळ्या दारूत सोरा सुमारे ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १० भाग असतो. ही दारू जळून सगळी हवा होत नाही. निम्म्याहून जास्त वजन धुराच्या आणि काजळीच्या रूपाने घनच राहतं, आणि त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं, तसे हे क्षार हवेतला ओलावा ओढतात. म्हणून जुने लोक नळी सरळ गरम पाण्याने धुवायचे. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण रीत बरोबर होती.

ही रीत मोडली ती नव्या दारूमुळे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येय यांनी बिनधुराची दारू तयार केली. काजळी फारच थोडी, मग पाणी कशाला हवं, असं लोकांना वाटलं. बाजारात बाटलीबंद द्रावणं आली. अमेरिकेत हॉप यांचं ‘नंबर ९’ १९०३ पासून विकलं जाऊ लागलं. तरी रायफली गंजतच होत्या. कोणी दारूला दोष दिला, कोणी शिपायाच्या आळसाला.

खरा चोर सापडला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. अमेरिकेच्या खाण खात्यातील रसायनतज्ज्ञ विल्बर्ट हफ यांनी दाखवून दिलं की गंजाचं मूळ दारूत नसून बार पेटवणाऱ्या केपेत आहे. केपेतलं पोटॅशियम क्लोरेट जळून त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे जवळजवळ आपल्या खायच्या मिठाचा भाऊच. हवा कोरडी असेल तर ते गप्प बसतं. दमट हवा लागली की तेलाच्या थराखालीही लोखंड खायला लागतं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात काय होत असेल, ते तुम्हीच पाहा.

ब्रिटिश आणि हिंदी फौजेत थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेल. गावात कोणी जुने फौजी असतील तर त्यांना जरूर विचारा.

घरगुती मिश्रणांचाही इतिहास आहे. अमेरिकी सेनाधिकारी हॅचर यांच्या १९४७ च्या पुस्तकात अ‍ॅसिटोन, टर्पेंटाइन, रॉकेल आणि देवमाशाचं तेल यांची कृती आहे. पुढे देवमाशाच्या तेलावर बंदी आली, तेव्हा हॅरिस नावाच्या गृहस्थांनी त्याऐवजी मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल घातलं. मिश्रण काजळी काढतं, यात शंका नाही. पण अ‍ॅसिटोन भडकन पेटतं, दस्त्याचं पॉलिश उडवतं. ठासणीच्या बंदुकीसाठी हा खटाटोप करण्याची मला तरी गरज दिसत नाही.

धुण्याआधी नळी रिकामी आहे ना, ते पाहा. केप काढा. गज नळीत तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक निपलच्या जागेपर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं आखूड पडलं तर आत बार आहे! तिला हात न लावता परवानाधारक बंदूक-कारागिराकडे दाखवा.

मग उकळतं पाणी घ्या, तांब्याभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाका. फडकं गुंडाळलेला गज आत-बाहेर करा, पाणी काळं येईल. निपलमधूनही पाणी गेलं पाहिजे. शेवटी नुसतं उकळतं पाणी ओता. पाणी कोमट असेल तर नळी ओली राहते आणि तासाभरात गंज धरते. उकळतं असेल तर नळी तापते आणि आपणच सुकते. कोरडी फडकी फिरवून झाली की शिवणयंत्राचं तेल पातळ लावा. हट्टी काजळीला रॉकेल किंवा रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालेल, मात्र पाण्याच्या आधी, आणि चुलीपासून लांब. पेट्रोल नको. चिंच, लिंबू, राख, पॉलिशपेपर आत घालू नका. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला छान, पण नळीत ते चिकट होऊन बसतं.

निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर ती धुऊन, तेल लावूनच द्या. तिथे ती कित्येक आठवडे तशीच पडून राहते. एरवी धुतल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरं फडकं नळीतून एकदा फिरवा. ते तांबूस निघालं तर क्षार आत राहिला आहे. पुन्हा पाणी उकळायला ठेवा.