भांडणातला मान : कचेरीतल्या प्रेमकथांचा एक छोटा इतिहास

आज ज्या प्रकारच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, तिचा सांगाडा तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. एक कचेरी आहे. तिथे तो आहे आणि ती आहे. पहिल्याच दिवशी दोघांचं वाजतं. त्याला ती आगाऊ वाटते, तिला तो शिष्ट वाटतो. मग एकच काम दोघांच्या गळ्यात पडतं, मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, पाऊस कोसळतो, लोकल बंद पडतात, आणि दोघांना एकमेकांची खरी ओळख होते. आधी वैर, मग प्रेम. पूर्वी ही गोष्ट वाचनालयातून घरी यायची. आता ती मोबाइलवर भागाभागांनी येते, कानात ऐकू येते, रात्री मालिकेत दिसते. बोरिवलीच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकून ती वाचणाऱ्या बायका आपण रोज पाहतो.

शेवट पहिल्या पानालाच ठाऊक असतो. तरी माणूस ती पुन्हापुन्हा का वाचतो? "वेळ घालवायला" हे उत्तर मला पुरत नाही. वेळ घालवायला दुसऱ्या शंभर गोष्टी आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तास तुम्हाला ते तपासता येईल. या गोष्टींचं आकर्षण प्रेमात कमी आणि मानात जास्त आहे.

"मान" हा शब्द आपल्याकडे जुना आणि गमतीचा आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात विरहाच्या शृंगाराचे प्रकार सांगितले आहेत. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त ते चार आहेत : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यातला मान म्हणजे रुसवा. सत्यभामा पारिजातकासाठी रुसते. आपली रखुमाई रुसून दिंडीरवनात जाते आणि तिची समजूत काढायला आलेला देव पंढरपुरातच राहतो. पण एक लक्षात घ्या. हे सगळे रुसवे प्रेमानंतरचे, बहुतेक लग्नानंतरचे आहेत. नातं आधीच ठरलेलं आहे, भांडण त्याच्या आतलं आहे. अजून कुणीच नसलेल्या माणसाशी भांडायचं आणि त्या भांडणातून नातं जन्माला यायचं, हा क्रम आपल्या परंपरेत सहजासहजी सापडत नाही.

मराठीत हा क्रम रंगभूमीवर ठसठशीतपणे आला तो १२ मार्च १९११ रोजी. किर्लोस्कर नाटक मंडळीनं त्या दिवशी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' रंगमंचावर आणलं. गोविंदराव टेंब्यांच्या चालींमुळे आणि बालगंधर्वांच्या भामिनीमुळे ते आपल्याला गाण्यांचं नाटक म्हणून आठवतं. पदं बाजूला ठेवून कथा पाहा. भामिनी श्रीमंत घरची. धैर्यधर शूर सेनापती, पण गरीब. भामिनी त्याला नाकारते, आणि नाकारताना त्याचा अपमान करते. पुढे ती वनमाला नावाच्या साध्या मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत वावरते. छावणी म्हणजे काय? धैर्यधराची कामाची जागा! घरी स्थळ म्हणून आलेला माणूस तिला कळला नव्हता, तो कामावर असताना कळला. नाटकाचं नावच बघा. प्रेमाचा त्यात उल्लेख नाही. मान आणि अपमान, एवढंच आहे. एकशे चौदा वर्षांनी, २०२५च्या जानेवारीत, त्याच नाटकावरचा मराठी चित्रपट थिएटरात आला, याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

यानंतर ना. सी. फडके. तेही आमच्याच पंथाचे, तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचे प्राध्यापक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. कथेचं तंत्र त्यांनी १९३१च्या 'प्रतिभासाधन'मध्ये व्यवस्थित मांडलं : गुंता कसा करायचा, उत्कंठा कशी वाढवायची, गाठ कधी सोडायची. मराठी मध्यमवर्गाला प्रेमकथा वाचायची सवय लावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण फडक्यांची माणसं भेटतात ती बहुधा मोकळ्या वेळात. एकाच मस्टरवर सही करणारे दोघे त्या जगात केंद्रस्थानी नाहीत. ते येण्यासाठी समाजातच काहीतरी घडावं लागणार होतं.

ते आपल्या या उपनगरांत घडलं. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. गिरगाव-दादरच्या चाळींतली कुटुंबं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या ब्लॉकमध्ये आली. ब्लॉक म्हणजे हप्ते. हप्ते म्हणजे दोन पगार. शिक्षिका आणि परिचारिका आधीपासून होत्याच. आता टंकलेखिका, टेलिफोन ऑपरेटर, बँकेतल्या आणि सरकारी खात्यांतल्या कारकून मुली गाडी पकडायला लागल्या.

पण या नोकरीचं आणि लग्नाचं सुरुवातीला वैर होतं, आणि हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता : स्त्री कामगाराचं लग्न झालं की तिची नोकरी आपोआप संपली. कंपनीचं म्हणणं असं, की इथे गटानं काम करावं लागतं, त्याला नियमित हजेरी लागते, आणि लग्न झालेल्या बाईकडून ती मिळणार नाही. कामगार संघटना भांडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ साली न्यायालयानं तो नियम अन्यायाचा ठरवला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीपर्यंत या शहरात एखाद्या मुलीला "नोकरी की नवरा" असा प्रश्न लेखी स्वरूपात विचारला जात होता. कचेरीत प्रेम जमतं आणि नोकरीही टिकते, अशा गोष्टीचा गोडवा कशातून आला हे यावरून कळतं.

पुढे १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि नंतर दागिन्यांच्या कारखान्यांतून मुली मोठ्या संख्येनं कामाला लागल्या. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट-बोरिवली अशी संपूर्ण महिलांसाठीची लोकल सोडली. एक अख्खी गाडी भरेल इतक्या बाया रोज कामाला जातात, हे रेल्वेच्या वेळापत्रकानंच मान्य केलं. आपल्या कथेचा वाचकवर्ग त्या गाडीत होता. जायला तास, यायला तास.

आता कचेरीत असं काय आहे, जे घरात नाही?

कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवा. मुलगा, मुलगी, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. त्या अर्ध्या तासात प्रत्येक जण आपापलं सर्वात चांगलं रूप घेऊन बसलेला असतो. तिथे भांडायला मुभाच नाही. भांडलात तर स्थळ गेलं. म्हणजे ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा, तो चिडल्यावर कसा वागतो, चूक झाल्यावर काय करतो, शिपायाशी कसा बोलतो, हे सोडून बाकी सगळं कळतं : शिक्षण, पगार, पत्रिका. कचेरीत नेमकं उलट. तिथे तुम्ही कुणाची मुलगी, कुणाची सून म्हणून बसलेल्या नसता. फाइल तुमची असते, सही तुमची असते. आणि माणूस आठ तास समोर असतो, सगळे मुखवटे उतरवून. भांडण ही तिथली ओळख करून घेण्याची पद्धत आहे.

हे केवळ आपल्याकडचं नाही. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. गर्व आणि पूर्वग्रह, म्हणजे पुन्हा मानापमानच. पण तिथे कचेरी नाही, इस्टेट आहे. कामाची जागा ठळकपणे आली ती मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाच्या 'पर्फ्युमरी' या १९३७च्या नाटकात. बुडापेस्टच्या एका दुकानातले दोन नोकर एकमेकांना पाण्यात पाहतात आणि त्याच वेळी, नावं ठाऊक नसताना, एकमेकांना प्रेमपत्रं लिहीत असतात. हॉलिवूडनं त्यावर १९४० साली चित्रपट काढला आणि १९९८ साली पत्रांऐवजी ई-मेल घालून पुन्हा काढला. अलीकडची, २०१६ची सॅली थॉर्न यांची 'द हेटिंग गेम' तर सबंध जगभर वाचली गेली. त्यात दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसतात, दोघांचा हुद्दा सारखा, आणि एकाच बढतीसाठी दोघं उभी आहेत.

हुद्दा सारखा. हा शब्द धरून ठेवा, कारण इथे तत्त्वज्ञानाची गरज लागते. १८०७ साली हेगेलनं एक विचार मांडला. माणसाला "मी" असल्याची खात्री एकट्यानं मिळत नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्याला मान्यता द्यावी लागते, आणि त्या मान्यतेसाठी झगडा होतो. पण झगड्यात एक जण मालक आणि दुसरा गुलाम झाला, तर मालकाचीही पंचाईत होते. गुलामानं दिलेल्या मानाची किंमत काय? मान घ्यायचा तर तो बरोबरीच्या माणसाकडूनच घ्यावा लागतो. आपल्या कथेतलं वैर हे असं आहे. ज्याला आपण मोजतच नाही, त्याच्याशी आपण भांडत नाही, दुर्लक्ष करतो. भांडलो, म्हणजे समोरच्याला मोजलं.

म्हणूनच या गोष्टींतला सर्वात जास्त वाट पाहिलेला प्रसंग चुंबनाचा नसतो. तो असतो तो "माझं चुकलं" म्हणतो तो. आणि नुसतं "सॉरी" चालत नाही. "तो अहवाल तुझा होता, श्रेय मी घेतलं, चुकलो" असं नेमकं म्हणावं लागतं. लेडीज डब्यातल्या वाचकबाईला आपण भाबडी समजतो. ती भाबडी नाही. घरी डबे करून, पाळणाघर गाठून, ऑफिसात लेट मार्क खाऊन ती दिवसभर जे करते, त्याची नोंद घेणारा आणि चुकल्यावर तोंडानं तसं कबूल करणारा पुरुष तिला कागदावर तरी पाहायचा असतो. किती घरांत नवऱ्यानं हे शब्द मोठ्यानं उच्चारले असतील, ते आपापलं मोजा.

आता दुसरी बाजू. आजच्या पुष्कळ गोष्टींत बरोबरी नाहीच. तो मालक, ती नवी नोकरदार. तो ओरडतो, हुकूम सोडतो, अडवतो, आणि कथा सांगते की हेच त्याचं प्रेम. इथे मी वाचकांचा वकील राहू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, २०१३ साली कायदा झाला, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक झाली. हे उगाच नाही झालं. "नाही" म्हणजे "थोड्या वेळानं हो" असं मानणाऱ्या साहेबांनी किती जणींना नोकऱ्या सोडायला लावल्या, ते या सभागृहातल्या बायकांना मी सांगायला नको. गंमत म्हणजे २०१८ साली सुरू झालेल्या 'तुला पाहते रे' या मालिकेत, श्रीमंत प्रौढ मालक आणि सामान्य घरातली मुलगी यांच्या प्रेमात सगळा महाराष्ट्र पडलेला असताना, तो मालकच खलनायक निघाला. प्रेक्षकांना धक्का बसला खरा. माझ्या मते कथेनं एक रास्त शंका बोलून दाखवली होती.

मग चांगली आणि वाईट गोष्ट ओळखायची कशी? माझी कसोटी साधी आहे. तिनं "नाही" म्हटलं, तर सोमवारी तिची खुर्ची जागेवर असेल का? असेल, तर ते भांडण आहे. नसेल, तर ती धमकी आहे, तिला कितीही पाऊस आणि चांदणं लावलं तरी.

आणखी एक गोष्ट राहते. कचेरीत वेगवेगळ्या जातींची माणसं शेजारी बसतात. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हटला होता. त्यासाठी माणसं भेटण्याची यापेक्षा चांगली जागा कुठली? पण आपल्या लोकप्रिय प्रेमकथांतले नायक-नायिका पगारावरून भांडतात, पुण्या-मुंबईवरून भांडतात, आडनावावरून मात्र बहुधा भांडत नाहीत, कारण लेखकानं आडनावं आधीच जुळवून ठेवलेली असतात. २०१०चा 'मुंबई-पुणे-मुंबई' पाहा. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्याला जाते, एका अनोळखी मुलाशी दिवसभर भांडते, त्याच्या प्रेमात पडते, आणि शेवटी कळतं की तोच ते स्थळ. चित्रपट गोड आहे, मलाही आवडतो. पण तडजोड कशी बेमालूम आहे बघा : भांडणाचं स्वातंत्र्य मुलीला, आणि निवड आईवडिलांचीच. वैरातून प्रेमाकडे जाणाऱ्या या वाटेवर आपण खरं वैर अजून घेतलेलंच नाही.

ते ज्या दिवशी आपल्या लेडीज डब्यातली कादंबरी घेईल, त्या दिवशी खाडिलकरांनी १९११ साली सुरू केलेली गोष्ट पुढच्या अंकात जाईल. भामिनीला गरिबीचा पूर्वग्रह सोडावा लागला होता. तिच्या पणतीला कुठला सोडावा लागेल, ते तुम्ही जाणता.

मी इथे थांबतो. प्रश्न विचारा. आणि भांडायचं असेल, तर अवश्य भांडा.