महाड ते दुबई : हवाई अंतर किती, वेळ किती?

महाड व पोलादपूर परिसरातील अनेक घरांतील कर्ती माणसे नोकरीनिमित्त आखाती देशांत आहेत. गावी वडीलधारी व्यक्ती अत्यवस्थ झाल्याचा दूरध्वनी तिकडे जातो तेव्हा सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : मुलगा किती वाजता पोहोचेल? विमानाच्या तिकिटावरील आकड्यांतून त्याचे उत्तर थेट मिळत नाही.

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. दोहा सुमारे २,३००, कुवेत २,७५०, तर जेद्दा ३,५०० किलोमीटरवर आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळच्या रेषेवर मोजले जाते. या हिशेबाने महाड मुंबई विमानतळापासून जेमतेम १२५ किलोमीटरवर आहे. रस्त्याने मात्र हेच अंतर पावणेदोनशेच्या घरात जाते.

प्रवासी जेट विमान उंचावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्यानुसार दुबई सव्वादोन तासांची वाट ठरते. पण उड्डाणापूर्वीची रांग, चढण व उतरण यांत वेळ जातो आणि जाताना तीन ते सव्वातीन तास लागतात. येताना वेळ थोडा वाचतो, कारण उंचावरील वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

खरा घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावरील वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते. दुबई भारताच्या दीड तास मागे, तर कुवेत, कतार व सौदी अरेबिया अडीच तास मागे आहेत. मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान तीन तास उडून दुबईत साडेअकरालाच उतरते. परतीला रात्री १० ला निघालेले विमान मुंबईत मध्यरात्रीनंतर अडीचला येते, म्हणजे तारीखही बदलते. १५ तारखेच्या रात्री साडेबाराच्या विमानासाठी महाडहून १४ तारखेला दुपारीच निघावे लागते. हे लक्षात न आल्यास तिकीट वाया जाते.

समजा, भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसातला दुबईत निरोप पोहोचला आणि तेथील रात्री १० च्या विमानात जागा मिळाली. मुंबईत उतरल्यावर पारपत्र तपासणी व सामानासाठी एक तास, पुढे महामार्गाने सुमारे पाच तास धरल्यास घर गाठायला सकाळचे साडेआठ होतात. या तेरा तासांत प्रत्यक्ष उड्डाण तीनच तासांचे! पावसाळ्यात रस्त्याचा हिशेब आणखी लांबतो. अंत्यविधी थांबवायचा की नाही, हे घरच्यांनी विमानावरून नव्हे, रस्त्यावरून ठरवावे, हे उत्तम.

लंडन मुंबईपासून सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साधारण नऊ ते दहा तासांवर आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' कैरो व जिनिव्हामार्गे निघाले, ते १० जूनला लंडनला पोहोचले होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर युरोप-अमेरिकेकडील अनेक उड्डाणांना वळसा पडला. मुंबई-दुबई मार्ग बहुतांशी अरबी समुद्रावरून जात असल्याने त्याला फारशी झळ बसली नाही.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतूक सुरू झाली, ती प्रथम देशांतर्गत उड्डाणांनी. हा विमानतळ महाडला अधिक जवळ असून तेथे जाताना मुंबई शहरातील कोंडी टळते.