डनॉटरचा किल्ला आणि पाद्र्याची बायको

किल्ला म्हटलं की राजे, सरदार आणि तोफा आठवतात. पण स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्टोनहेवन गावाजवळ, डनॉटर नावाचा एक पडका किल्ला आहे. माझ्या मते त्याची खरी हकीकत बायकांची आहे.

समुद्रात घुसलेला सुमारे 160 फूट उंच खडक आणि जमिनीशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम कीथ या सरदाराने तिथे दगडी वाडा बांधला. जागा चर्चची होती, म्हणून त्याला धर्माबाहेर टाकलं. शेवटी 1395 मध्ये चर्चला भरपाई देण्याच्या अटीवर पोपने ते मागे घेतलं. राज्याचा मुकुट, राजदंड आणि तलवार सांभाळायचा मान याच कीथ घराण्याकडे होता.

1651 च्या शरदात क्रॉमवेलच्या सैन्याने किल्ल्याला वेढा घातला. इंग्लंडचा राजमुकुट आधीच वितळवला गेला होता, आता स्कॉटलंडच्या मुकुटाची पाळी होती. आत जेमतेम सत्तर माणसं, पण वेढा आठ महिने चालला. जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको क्रिश्चन फ्लेचर हिने 1652 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन फेऱ्या मारून, सामानाच्या पोत्यांत लपवून हा ऐवज शत्रूच्या डोळ्यांदेखत बाहेर काढला. किल्लेदाराची बायको एलिझाबेथ डग्लस तिला सामील होती. मे महिन्यात तोफांपुढे किल्ला पडला. आत मुकुट नाही! किल्लेदार नवरा-बायकोला कैद झाली, तरी दोघं काही बोलली नाहीत.

मुकुट किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरला होता. नवरा-बायको अधूनमधून रात्री तो उकरून काढत आणि ओल लागू नये म्हणून शेकोटीपुढे ठेवत. श्रुतपंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढून, झटकून नवं वेष्टन घालतो, त्याचीच मला आठवण झाली. असं आठ वर्षं चाललं.

1660 मध्ये राजा परतला. मुकुट आपण परदेशी नेला अशी हूल उठवणारा कीथांचा धाकटा मुलगा पुढे अर्ल झाला, तर क्रिश्चनला 2,000 मर्क मंजूर झाले. मी कॉमर्सची, त्यामुळे असा हिशेब चटकन खटकतो.

पुढे 1685 मध्ये याच किल्ल्याच्या एका तळघरात राजाचा धर्माधिकार न मानणारे 167 लोक कोंडले. त्यात 45 बायका होत्या. काही तिथेच गेले, बऱ्याच जणांना समुद्रापार धाडलं. हे वाचताना मात्र मी थांबले. शपथ घेतली असती तर सुटका होती!

1715 च्या बंडात कीथ हरले आणि मालमत्ता जप्त झाली. विकत घेणाऱ्या कंपनीने छपरं, तक्तपोशी, सगळं काढून नेलं, म्हणून आज नुसत्या भिंती उभ्या दिसतात. त्यांचीही पडझड 1925 पासून लेडी काउड्रे यांनी दुरुस्ती करून थांबवली. मुकुट आता एडिंबरोच्या किल्ल्यात काचेमागे आहे.