हौशी बेसबॉलपटूंचा पहिला ड्राफ्ट (१९६५)

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या वीस संघांनी शाळा-महाविद्यालयांतले नवोदित खेळाडू आपसांत वाटून घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात ८ व ९ जून १९६५ रोजी केलेली पहिली निवड. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाने आधी नाव घ्यायचे आणि अव्वल संघाने सर्वांत शेवटी, हा मूळ नियम. एकदा नाव घेतले की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या एकाच संघाकडे जाई. देऊ केलेली रक्कम पटली नाही, तर शिक्षण चालू ठेवून पुढच्या ड्राफ्टची वाट पाहायची, एवढेच खेळाडूच्या हाती उरे. आयपीएलच्या लिलावात बोली चढत जाते. इथे बोलीच लागत नाही. किंबहुना बोली बंद पाडण्यासाठीच ही व्यवस्था निघाली.

त्याआधी ज्याची थैली मोठी त्याला चांगला खेळाडू मिळे. संघांचे स्काउट गावोगाव फिरून मुले हेरत आणि त्यांच्या घरी जाऊन सौदा पटवत. बोनसच्या रकमा फुगू लागल्या तेव्हा मालकांनी स्वतःलाच लगाम घालून पाहिला. १९५३ पासून काही वर्षे असा नियम होता की चार हजार डॉलरहून अधिक बोनस दिलेल्या नवख्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. दुय्यम संघांत खेळून शिकायच्या वयातली पोरे त्यामुळे बाकावर बसून राहिली. पुढे थोर पिचर ठरलेला सँडी कोफॅक्सही त्यांतलाच. नियम गेला आणि पैशांची चढाओढ पुन्हा सुरू झाली. १९६४ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्टला दोन लाख डॉलरहून अधिक बोनस दिला, तेव्हा मालकांचा धीर सुटला. ड्राफ्टचे जाहीर समर्थन दुबळ्या संघांना बळ देण्याच्या नावाने झाले. ते खोटे नव्हते, पण खरी निकड तिजोरीची होती.

नाव घेण्याचा मान अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगना आळीपाळीने मिळे आणि पहिली पाळी अमेरिकन लीगची होती. त्यामुळे १९६४ मध्ये सर्वांत वाईट कामगिरी नॅशनल लीगच्या न्यूयॉर्क मेट्सची असूनही पहिले नाव कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने घेतले. ते होते अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा आउटफिल्डर रिक मंडे. त्याला सुमारे एक लाख डॉलर मिळाले, म्हणजे रायकार्टच्या निम्मे. ड्राफ्टचा हेतू पहिल्याच नावाला साध्य झाला म्हणायचा. मंडे १९८४ पर्यंत खेळला आणि त्याने २४१ होमरन मारले. कारकीर्द चांगली झाली, पण हॉल ऑफ फेमच्या तोलाची नव्हे.

मेट्सने दुसऱ्या क्रमांकावर लेस रोर हा डावखुरा पिचर घेतला. तो मेजर लीगमध्ये अवघे सहा सामने खेळला. त्याच मेट्सने बाराव्या फेरीत टेक्सासमधल्या अॅल्विन गावचा एक शिडशिडीत शाळकरी पिचर उचलला. त्याचे नाव नोलन रायन. ५,७१४ स्ट्राइकआउटचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे. सिनसिनाटी रेड्सने पहिल्या फेरीत बर्नी कार्बोला पसंती दिली आणि दुसऱ्या फेरीत, एकूण ३६ व्या क्रमांकावर, ओक्लाहोमातल्या बिंगर या खेडेवजा गावचा कॅचर जॉनी बेंच घेतला. बेंचची गणना आज सर्वश्रेष्ठ कॅचरमध्ये होते.

कार्बोला मागे ठेवलेला खेळाडू समजण्याचे मात्र कारण नाही. २१ ऑक्टोबर १९७५ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेचा सहावा सामना चालू होता. आठव्या इनिंगमध्ये रेड्स ६-३ ने पुढे, कॅचरच्या जागी बेंच, आणि बोस्टनकडून बदली बॅटर म्हणून आला तो कार्बो. दोन धावपटू बेसवर असताना त्याने होमरन मारून बरोबरी साधली. बाराव्या इनिंगमध्ये कार्लटन फिस्कचा फटका डावीकडच्या फाउल पोलवर आदळला आणि बोस्टनने सामना जिंकला. फिस्कचे नावही १९६५ च्याच यादीत होते. बाल्टिमोर ओरिओल्सने ४८ व्या फेरीत घेतलेले ते नाव. त्याने करार केला नव्हता. अजिंक्यपद शेवटी सातव्या सामन्यात रेड्सनेच नेले.

या ड्राफ्टचे सर्वाधिक पीक अॅथलेटिक्सच्या पदरात पडले. मंडेचा विद्यापीठातला सहकारी साल बँडो त्यांना सहाव्या फेरीत मिळाला आणि जीन टेनस तर विसाव्या. संघ १९६८ मध्ये ओकलंडला गेला आणि १९७२, १९७३ व १९७४ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकला. बँडो कर्णधार होता. टेनसने १९७२ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात पहिल्या दोन्ही पाळ्यांत होमरन मारले आणि मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मंडे तोवर संघात नव्हता. १९७१ च्या हंगामानंतर शिकागो कब्जकडून पिचर केन होल्ट्झमन मिळवण्यासाठी त्याला देऊन टाकले होते. होल्ट्झमन हा १९६५ मध्ये कब्जने चौथ्या फेरीत घेतलेला खेळाडू. पहिले नाव देऊन चौथ्या फेरीतले नाव घेतले, आणि सौदा फायद्याचा ठरला.

टॉम सीव्हरची कथा या व्यवस्थेचा कच्चा दुवा दाखवते. लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला दहाव्या फेरीत घेतले, पण रकमेवर एकमत न झाल्याने तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातच राहिला. जानेवारी १९६६ च्या पुढील ड्राफ्टमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याचे नाव घेतले व करारही केला. परंतु विद्यापीठाचा हंगाम सुरू झाल्यावर सही झाल्याचे कारण देऊन कमिशनर विल्यम एकर्ट यांनी करार रद्द ठरवला. इकडे व्यावसायिक करार केला म्हणून महाविद्यालयीन संघटनेने त्याला अपात्र ठरवले. पोरगा धड इकडचा ना तिकडचा. त्याच्या वडिलांनी कोर्टाचा धाक घातला, तेव्हा एकर्टनी तोड काढली: ब्रेव्ह्जएवढी रक्कम द्यायला तयार असलेल्या संघांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. मेट्स, फिलाडेल्फिया फिलीज आणि क्लीव्हलँड इंडियन्स असे तिघेच पुढे आले आणि मेट्सची चिठ्ठी निघाली. मेट्सने १९६९ मध्ये पहिले अजिंक्यपद जिंकले ते सीव्हरच्या जोरावर. सगळी काटेकोर यंत्रणा उभारल्यावर संघाचे भाग्य चिठ्ठीने पालटावे, यातली गंमत बेसबॉलचे चाहते अजून विसरलेले नाहीत.

१९६४ मध्ये अमेरिकन लीग जिंकलेल्या न्यूयॉर्क यांकीजला पुढचे लीगविजेतेपद १९७६ मध्ये मिळाले. त्या घसरणीला वयस्क झालेले खेळाडूही कारण होते, पण पैशाच्या जोरावर नवी भरती करण्याची वाट बंद झाल्याचा वाटा नाकारता येत नाही. मात्र आधी निवडायला मिळाले म्हणजे निवड बरोबर होतेच असे नाही. १९६६ मध्ये मेट्सने पहिल्या क्रमांकावर कॅचर स्टीव्ह चिलकॉट घेतला. तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या क्रमांकावर अॅथलेटिक्सने रेजी जॅक्सनला घेतले. (आयपीएलने २००८ मध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंचा असाच ड्राफ्ट घेतला, तेव्हा दिल्लीने प्रदीप सांगवानला निवडले आणि विराट कोहली बंगळुरूकडे गेला.)

जानेवारीचा जोडड्राफ्ट १९८६ नंतर बंद झाला. फेऱ्या एके काळी संघांना हवा तितका वेळ चालत. १९८८ मध्ये डॉजर्सने ६२ व्या फेरीत व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांच्या मैत्रीखातर माइक पियाझाचे नाव घेतले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आता फेऱ्या वीसच आहेत. जाणूनबुजून हरून पहिला क्रमांक पटकावण्याला आळा बसावा म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. त्या पहिल्या सोडतीत पिट्सबर्ग पायरेट्सचा नंबर लागला. त्यांनी पिचर पॉल स्कीन्सला ९२ लाख डॉलर बोनस देऊन घेतले.