समुद्राचे विरजण

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत भाच्याच्या घरी राहावयास गेलो असता माझ्या हातून एक अपराध घडला. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन लिटरची एक बाटली होती. आत हिरवेगार पाणी, आणि एका बारीक नळीतून हवेचे बुडबुडे चाललेले. आमच्या चाळीच्या टाकीत असे पाणी झाले की आम्ही सह्यांचा अर्ज घेऊन नगरपालिकेत जातो. मी ते ओतून दिले, बाटली स्वच्छ विसळली आणि पालथी घातली. संध्याकाळी भाचा कामावरून आला आणि मटकन खुर्चीत बसला. "मामा, अहो, माझ्या टाकीतल्या जिवांचं जेवण होतं ते!"

दिवाणखान्यात त्याची काचेची टाकी आहे. तीत खारे पाणी, पोवळी, शिंपले, नळ्यांत राहणारे किडे. त्यांच्यासाठी तो घरच्या घरी समुद्रातील सूक्ष्म वनस्पती वाढवीत होता. दोन दिवसांनी एका परिचिताकडून त्याने पेलाभर हिरवे पाणी मागून आणले, नव्या खाऱ्या पाण्यात घातले आणि आठवड्याभरात बाटली पुन्हा हिरवी झाली. "म्हणजे हे विरजणच की रे," मी म्हणालो. शेजाऱ्याकडचे विरजण आपल्याकडे येते, पण शेजाऱ्याकडे ते कोठून आले हे आपण कधी विचारीत नाही. मी अपराधी होतो, म्हणून विचारले. शाळा माझी लवकर सुटली. जे शिकलो ते वाचनालयात आणि संपाच्या दिवसांत. हाही इतिहास तसाच, तुकड्यातुकड्यांनी वाचला.

समुद्रात तरंगत राहणाऱ्या या बारीक जीवसृष्टीला 'प्लँक्टन' हे नाव जर्मनीतील कील येथील हेन्सेन या शास्त्रज्ञाने 1887 साली दिले. आपण त्याला प्लवक म्हणतो. त्यातील वनस्पती डोळ्यांना दिसत नाहीत. पण पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासून जेवढे अन्न तयार होते त्यातले जवळजवळ निम्मे याच तयार करतात. या वनस्पती बाटलीत वाढविण्याची कृती पॅरिसच्या पिएर मिकेल याने 1890 नंतरच्या दोनतीन वर्षांत छापली. हा गृहस्थ मुळात हवेतील जंतू मोजणारा! पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह अशी क्षारद्रव्ये घालून त्याने डायाटम वाढविले. डायाटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारी सूक्ष्म वनस्पती. आपले वनस्पतिशास्त्रज्ञ तिला करंडक म्हणतात, आणि हे नाव मला मूळ नावापेक्षा आवडते.

ही कृती इंग्लंडातील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी उचलली आणि सुधारली. त्यांचा निबंध 1910 सालचा. बाटलीतील डायाटम चारून त्यांनी काटेरी गोळ्यासारख्या सागरी अर्चिनची पिले वाढविली. म्हणजे भाच्याच्या खिडकीतला उद्योग तेव्हाच सुरू झाला होता. (नेल्सन त्याच वर्षी कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेला, आणि परतही आला.) पुढे ॲलनने शुद्ध क्षार मोजून पूर्णपणे कृत्रिम समुद्रजल बनविले. त्यात काही केल्या डायाटम वाढेनात. परंतु खऱ्या समुद्राचे अगदी थोडे पाणी घालताच ते जोमाने वाढू लागले. 1914 साली त्याने हे जसेच्या तसे छापले: समुद्रात असे काहीतरी आहे, जे आमच्या तराजूत आलेले नाही. आपली फजिती इतक्या सरळपणे छापणारा मनुष्य मला मोठा वाटतो. काही वर्षांनी जर्मनांनी बागेतली माती उकळून तिचा अर्क समुद्रजलात घालण्याची युक्ती काढली, आणि तीही चालली. बी-12 जीवनसत्त्व हाती लागले 1948 साली; त्यानंतर यांतल्या पुष्कळ वनस्पतींना ते बाहेरून मिळावे लागते असे दिसून आले.

विरजण नुसते लागून भागत नाही, ते राखावे लागते. प्राग येथे प्रिंग्सहाइम नावाच्या ज्यू प्राध्यापकाने अशा शेकडो बाटल्यांचा संग्रह सांभाळला होता. नाझींचे संकट दाराशी आले तेव्हा तो इंग्लंडात आला, आणि त्याचे जिवंत संवर्धही आले. 1947 साली केंब्रिज विद्यापीठाने तो संग्रह आपल्याकडे घेतला. निर्वासिताच्या सामानात मनुष्य काय घेतो यावरून त्याची किंमत करावी असे मला नेहमी वाटते.

आता कालवांकडे येऊ. आयल ऑफ मॅन बेटावरील पोर्ट एरिन येथे ब्रूस, नाइट आणि मेरी पार्क हे तिघे कालवांची पिले टाकीत वाढविण्याच्या खटपटीत होते. पिलाचे तोंड एवढेसे, की मोठा डायाटम आत जाईना. मेरी पार्कने तेथल्याच एका मत्स्यकुंडातून सोनेरी तपकिरी रंगाची, शेपटीसारख्या दोन धाग्यांनी पोहणारी वनस्पती वेगळी काढली. मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ती असेल. ही चारल्यावर पिले जगली. निबंध निघाला 1940 साली. त्या वनस्पतीला 'आयसोक्रायसिस गॅल्बाना' हे नाव मेरी पार्कने 1949 साली दिले. नंतर प्लिमथला तिने असे संवर्ध वर्षानुवर्षे राखले. 1972 साली ती रॉयल सोसायटीची सभासद झाली. ठरल्या वेळी जुन्या नळीतून नव्या नळीत थेंब टाकीत राहणे, हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ज्याने पाळीचे काम केले आहे त्यालाच त्याची किंमत कळेल.

मी युनियनचा माणूस. कोणतीही हकीकत वाचताना रोजी कोणाची गेली हे आधी पाहतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कालवांचा नामांकित धंदा होता. तेथील खाड्यांकाठी बदकपालनाचे कारखाने उभे राहिले आणि बदकांची घाण पाण्यात जाऊ लागली. पाणी हिरवेगार झाले. कालवांना मेजवानीच, असे वाटेल. पण ती खंगली आणि धंदा बसला. 1954 साली रायथर याने दाखविले की घाणीच्या खतावर एका जातीच्या बारीक हिरव्या वनस्पती माजल्या होत्या, नेहमीचे डायाटम हटले होते, आणि या हिरव्या दाण्यावर कालवांचे पोट भरत नव्हते. भरल्या ताटावर उपासमार! रेशनच्या रांगेत सडका गहू घेतलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यातल्याच मॉरिचेस खाडीतून रॉबर्ट गिलार्ड याने 1958 साली एक डायाटम वेगळा काढला. त्याला खुराक म्हणून गिलार्ड आणि रायथर यांनी जे मिश्रण ठरविले, ते 1962 साली 'एफ' या नावाने छापले. पुढे ते निम्म्या ताकदीनेही पुरते असे दिसले. 'एफ बाय टू' ते हेच. लिटरमागे 75 मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, 5 मिलिग्रॅम फॉस्फेट, लोहादी धातूंचे अंश आणि तीन जीवनसत्त्वे, त्यांत बी-12 आहेच. डायाटमसाठी वर सिलिकेट. गिलार्डच्या 1975 सालच्या लेखात शिंपल्यांना व इतर सागरी प्राण्यांना चारण्यासाठी ही पैदास कशी करावी ते सविस्तर आहे. सारे मोजमाप छापलेले, कोणीही घ्यावे. त्या डायाटमच्या जनुकांचा पूर्ण आराखडा 2004 साली प्रसिद्ध झाला. डायाटमांत तो पहिलाच.

भाच्याच्या कपाटातल्या खताच्या कुपीवर मी 'एफ बाय टू' ही अक्षरे वाचली तेव्हा मला ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखे झाले. त्याची हिरवी वनस्पती 'नॅनोक्लोरॉप्सिस'. खारे पाणी, कुपीतले थेंब, हवा, दिवसाकाठी चौदापंधरा तास दिवा. आठवड्याने निम्मे काढावयाचे आणि तितकेच नवे पाणी भरावयाचे. काढलेले पाणी शीतपेटीत राहते, पण रोज हलवावे लागते, नाहीतर तळाशी बसून मरते. आणि टाकीला वापरलेला चमचा या बाटलीला लावावयाचा नाही; एखादा सूक्ष्म प्राणी शिरला तर दोन दिवसांत सारे फस्त करून पाणी नितळ करून ठेवतो.

"तुझी पोवळी हे खातात तरी का?" मी विचारले. बहुतेक पोवळी खात नाहीत, हे त्याने कबूल केले. तांबड्या समुद्रातील काही मऊ पोवळी यावर जगतात असे 1995 साली दिसून आले. त्याच्या टाकीत खाणारे मुख्यतः शिंपले, स्पंज आणि किडे, आणि ज्यांना पोवळी खातात ते बारीक प्राणी. आपल्याकडे हा छंद असा करता येणार नाही. पोवळ्यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे.

मी निघालो त्या आठवड्यात त्याने एकाऐवजी दोन बाटल्या लावल्या. दुसरी त्या परिचितासाठी होती. त्याची स्वतःची बाटली मधल्या काळात नासली होती.