चूक हत्तीची की माहुताची?

कर्स्कच्या लढाईबद्दल वाचायला घेतलं की 'फर्डिनांड'ची थट्टा हमखास भेटते. ६५ टनांचं धूड, समोर २०० मिमी चिलखत, ८८ मिमीची लांब तोफ, आणि जवळ आलेल्या शिपायाला रोखायला साधी मशीनगनही नाही! पोर्शेच्या नापास झालेल्या टायगरच्या सांगाड्यांवर अशी जेमतेम ९० वाहनं बनली.

पण मंडळी, जरा थांबा. ही तोफ दोन किलोमीटरवरून टी-३४ फोडायची. म्हणजे हिचं खरं काम मागे दबा धरून लांबून रणगाडे टिपण्याचं. जुलै १९४३मध्ये मॉडेलच्या सैन्याने हिला पोनिरीच्या बाजूला चक्क सुरुंगपेरल्या रानात सगळ्यात पुढे घातलं. पट्टे तुटले, गाड्या जागीच अडकल्या, आणि एवढं वजन ओढून मागे आणणं महाकठीण. चिलखत बऱ्याचदा शाबूत राहिलं, पण आतल्या सहा जणांना त्याचा काय उपयोग?

पुढे उरलेल्या गाड्यांना मशीनगन बसवली, १९४४मध्ये नाव 'एलेफांट' झालं. आमच्या भाषेत, पॅच आला. आणि मग? त्यातल्या काही इटलीत आंझिओला पाठवल्या, पुन्हा हल्ला करायलाच! बग यंत्रात कमी आणि वापरणाऱ्यांच्या डोक्यात जास्त होता, असं माझं तरी मत. तुम्हाला काय वाटतं?